लेकीची बोट उतरवताना

माझी लेक बोटीवर राहते, हे सुरुवातीची दोनेक वर्षं मी इथे अमिरातीत, फुजैरात कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर "इंग्लंडला असते, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे," एवढं सांगून विषय बदलायचे. बोट म्हटलं की इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एक तर शेखांची पांढरीशुभ्र यॉट येते, नाही तर डिझेलचा वास मारणारी लाँच. लेकीची बोट यातली कुठलीच नव्हती. लोखंडाची, जेमतेम सात फूट रुंद आणि आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब. आत एका टोकाला कोळशाची शेगडी, मग ओटा, मग न्हाणीघर, मग पलंग, सगळं एका रांगेत. पलंगावरून उठून शेगडीपाशी जायचं तर अख्खं घर ओलांडावं लागतं. तिकडे पूर्वी कोळसा वाहून नेण्यासाठी खणलेले अरुंद कालवे आहेत. रेल्वे आणि ट्रक आल्यावर त्यांचं ते काम संपलं, आणि आता ज्यांना शहरातलं भाडं परवडत नाही किंवा ज्यांना तसं जगणंच आवडतं, असे लोक त्यांवर बोटी घेऊन राहतात.

आमच्या ह्यांना तर ती बोट बघवतच नव्हती. हे फुजैराच्या बंदरात टगवर कॅप्टन आहेत. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून, ढकलून धक्क्याला लावणारी छोटी पण ताकदवान बोट. दाभोळच्या खाडीकाठी जन्म, विशीपासून समुद्रावर. "मी जन्मभर बोटीवर काढलं ते पोरीला जमिनीवर राहता यावं म्हणून," असं ते म्हणत. तिने बोट घेतल्याचा फोटो पाठवला त्या दिवशी दोघांचं फोनवर जोरात वाजलं.

"घर घे म्हटलं तर डबा घेतलास," हे म्हणाले.

"बाबा, इट्स माय होम."

"घर हलत नाही."

"आपलं हलायचं की. तुमचं कॉन्ट्रॅक्ट बदललं, वी मूव्ह्ड. भाडं वाढलं, वी मूव्ह्ड."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते जेवायला बसले. त्यानंतर दोघं माझ्यामार्फत बोलायला लागले. "बाबांना सांग, हॅपी बर्थडे." "तिला म्हणावं, थँक्यू."

मागच्या डिसेंबरात, माझ्या शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागायच्या जरा आधी, तिचा फोन आला. मी फुजैरातल्या एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. वह्या तपासत होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. कालव्यात पाणी अडवणाऱ्या लाकडी दारावरून चालताना गोठलेल्या दवावरून तिचा पाय घसरला होता आणि उजवं मनगट मोडलं होतं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. लोकांची हाडं नीट करणारी पोर स्वतःचं हाड मोडून बसली होती.

खरी अडचण पुढेच होती. ती ज्या टेकडीवर बोट लावून होती तिथून खाली उतरायला ओळीने लॉक, म्हणजे बोट पायरीपायरीने खाली नेणारे पाण्याचे हौद, होते, आणि नवं वर्ष सुरू झाल्यावर ते दुरुस्तीसाठी बंद होणार होते ते थेट वसंत ऋतू येईपर्यंत. तिचं हॉस्पिटल आणि हिवाळ्यापुरती बोट बांधायला घेतलेली जागा खाली, बोट वर. मदतीला येणारी मैत्रीण नाताळासाठी आपल्या गावी गेली होती.

"आई, तू येशील का? फक्त काही दिवस. एका हाताने लॉक नाही होत."

मी काही बोलायच्या आधीच सोफ्यावरून आवाज आला, "मी येतो म्हणावं."

मग लेक म्हणाली, "बाबांना सांग, वॉर्म सॉक्स आणा."

तिच्या पदवीदानाला गेलो होतो तेव्हाचा आमचा व्हिसा अजून चालू होता. ह्यांनी रजा टाकली. फुजैराहून अबुधाबीच्या विमानतळाकडे जाताना खलिफा सिटी या अबुधाबीच्या उपनगरावरून गेलो. तिथे आम्ही बरीच वर्षं काढली, तीनदा घर बदलत. ह्यांनी जुन्या बिल्डिंगच्या बाजूने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. अंगात बंदराचं केशरी जॅकेट होतं. आमच्याकडे खरा थंडीचा कपडा तेवढाच.

पोचलो तर धुकं. टॅक्सीने एका पुलापाशी सोडलं आणि पुलाखालून लेक वर आली, प्लास्टरवर लोकरीचा मोजा चढवलेला. मला मिठी मारली. ह्यांना म्हणाली, "हाय बाबा." हे म्हणाले, "हात बघू." प्लास्टर उलटसुलट करून पाहिलं, जणू ते त्यांनाच कळणार होतं, आणि बॅगा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. कालव्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा आला होता. बोट पुढे सरकली की तो कडकड मोडायचा, भाजलेला पापड मोडावा तसा, आणि त्याचे तुकडे काठाकडे घसरत जायचे. इतक्या हळू निघालो होतो की काठावरून कुत्र्याला फिरवणारी एक बाई आमच्या पुढे निघून गेली.

सुकाणू अर्थातच ह्यांनी घेतलं. ते सुकाणू म्हणजे मागे उभं राहून धरायचा नुसता एक दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. ह्यांच्या टगवर बोटाने हलवायची हँडलं असतात, टग जागच्या जागी गोल फिरतं. इथे ह्यांनी दांडा ढकलला, काहीच झालं नाही. आणखी ढकलला. मग एकदम सगळी बोट वळली आणि पुढचं टोक काठावरच्या काटेरी झुडपात घुसलं. शेगडीच्या धुराड्यावर फांद्या अडकल्या.

"बाबा, टेन सेकंद थांबायचं," लेक म्हणाली. "ती ऐकते. पण उशिरा ऐकते."

"इंजिनात दम नाही."

"इंजिन ठीक आहे."

"गिअर ढिला असेल."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले. पुढच्या वळणावर पुन्हा आपटलो, त्यापुढच्या वळणावर कमी आपटलो. दुपारपर्यंत ह्यांना बऱ्यापैकी जमायला लागलं आणि मग ते कोणाचं ऐकेनात. लेक सांगायची, "पुलाखाली स्लो करा." हे म्हणायचे, "मला माहीत आहे." अबुधाबीतल्या आमच्या घरातही हेच चालायचं. फक्त तिथे प्रत्येकाला जाऊन बसायला एक खोली होती.

लॉक काय असतं ते मला तोवर फक्त व्हिडिओत दिसलं होतं. ती पाण्याची लिफ्ट आहे. दगडी भिंतींचा एक अरुंद हौद, दोन टोकांना लाकडाची अवजड दारं. हौद वरच्या पातळीपर्यंत भरून घ्यायचा, वरचं दार उघडून बोट आत न्यायची, दार लावायचं. मग खालच्या दारातल्या झडपा उघडायच्या. पाणी वाहून जातं, बोट पाण्याबरोबर खाली उतरते, आणि खालचं दार उघडून पुढे निघायचं. झडपा उघडायला हातात एक वाकडं लोखंडी हँडल असतं, ते दात्यावर बसवून फिरवायचं. दार उघडायला त्याच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलत मागे मागे जायचं. माझ्यासारख्या बाईला हे झेपेल असं मला वाटलं नव्हतं. पण दार एकदा हललं की हलतच राहतं. पहिलं दार उघडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लेकीने फोटो काढला.

पहिल्या लॉकपाशीच लेकीने ह्यांना आत भिंतीवर रंगवलेली एक पांढरी रेघ दाखवली. "बाबा, धिस इज इम्पॉर्टंट. वरच्या दाराच्या खाली दगडाचा उंबरा आहे. आता पाण्याखाली आहे, दिसत नाही. पाणी उतरलं की तो बाहेर येतो. बोटीचं मागचं टोक या रेघेच्या पुढेच पाहिजे. इंजिन हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवायचं, म्हणजे ती मागे येणार नाही."

"समजलं," हे म्हणाले.

त्या दिवशी तीनेक लॉक नीट उतरलो. दुसऱ्या दिवशी ओळीतले बाकीचे घ्यायला लागलो. ऊन पडलं होतं पण त्यात ऊब नव्हती. हे बोटीवर, मी खालच्या दाराच्या झडपांवर, लेक वरच्या दारापाशी, एका हाताने जमेल तेवढं करत. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी झडप उघडून शेजारच्या शेतातल्या मेंढ्या बघत उभी होते.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. फुजैराहून, बंदराच्या ड्युटी रूममधून. तिथे दुपार उलटली होती. नीट ऐकू यावं म्हणून ह्यांनी गिअर काढून ठेवला आणि दुसऱ्या कानावर हात धरला. "नहीं भाई, मैं छुट्टी पे हूँ… हां हां, मंडे को. उसको बोलो इन्शाल्ला मंडे को… खलास, बोल दिया ना…"

मला दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर बोट समतल राहिलेली नव्हती. मागचं टोक, जिथे हे उभे होते, ते उंबऱ्यावर अडकून वरच राहिलं होतं आणि पुढचं टोक पाण्याबरोबर खाली चाललं होतं. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला. हे एका हाताने दांड्याला लटकले होते, दुसऱ्या हातात तो फोन.

"आई! बंद कर! झडप बंद कर, आई, लवकर!"

मी हँडल लावून खिट्टी उचलली आणि झडप खडखडत खाली पडली. पण दुसरी झडप दाराच्या पलीकडच्या अर्ध्यावर होती, तीही मीच उघडून आले होते. तिकडे जायला दारावरची अरुंद फळी, आणि फळीवर दव गोठलेलं. अशाच फळीवर लेकीचा हात मोडला होता. मी सरळ फळीवर बसले आणि दोन्ही हातांनी कठडा धरून सरकत सरकत पलीकडे गेले. सलवार मागून भिजली ते नंतर कळलं. दुसरी खिट्टी उचलली, दुसरी झडप पडली. पाणी उतरायचं थांबलं.

बोट तशीच तिरकी लटकली होती. पुढच्या टोकाची कड पाण्याला टेकायला आली होती.

"आता इकडे ये!" लेक ओरडली. ती वरची, हौदात पाणी सोडणारी झडप एका हाताने उघडायला बघत होती, हँडल छातीने दाबून. मी धावले. दोघींनी मिळून हँडल फिरवलं. "हळू आई. एकदम सोडलं तर पाणी तिच्यात जाईल. हळू." पाणी हौदात परत यायला लागलं. पुढचं टोक उचललं जाऊ लागलं. मग एक धक्का बसला, बोट सुटली आणि डुलत तरंगली. ह्यांनी गिअर टाकून तिला रेघेच्या पुढे नेलं आणि आम्ही वरची झडप पाडली.

हे सगळं व्हायला फार वेळ लागला नसेल. मी मात्र गवतात बसून घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लेक पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत ओरडत होती.

"आणखी जरा पाणी उतरलं असतं तर?" मी तिला विचारलं.

"पुढून पाणी आत आलं असतं. मग ती बुडते. इट हॅपन्स. दर वर्षी कोणाची तरी."

हे बोटीवरून म्हणाले, "माझी चूक. रेघ मला दिसत होती."

"इट्स ओके, बाबा."

"ओके नाही. माझ्या टगवर कोणी ड्युटीवर फोन घेऊन असं केलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथे खाली उतरवला असता."

लेक वरच्या दारापासून शिडीपाशी आली. मग म्हणाली, "मग उतरा."

मला वाटलं, झालं, आता पुढच्या विमानाने परत. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दांड्याकडे. मग हौदाच्या भिंतीतल्या शिडीने वर आले, माझ्या हातातलं हँडल घेतलं आणि खालच्या दाराकडे चालायला लागले. लेक डाव्या हाताने शिडी धरून बोटीवर उतरली. मी तिच्याजवळ थांबले.

ह्यांनी हँडल दात्यावर बसवलं आणि ओरडून विचारलं, "उघडू?"

"थांबा." लेकीने मागे वळून रेघ पाहिली. "हां. अर्धी उघडा."

"अर्धी उघडली."

"आता पूर्ण."

"पूर्ण."

ओळीतले उरलेले सगळे लॉक असेच उतरलो. हे प्रत्येक गोष्ट विचारत होते, आणि ती सांगेल तेवढंच, सांगेल तेव्हाच करत होते. ह्यांना इतकी वर्षं बोलताना ऐकलंय, पण टगवरून मोठ्या जहाजावरच्या, वाट दाखवणाऱ्या पायलटशी वायरलेसवर कसं बोलतात ते मी कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक असंच बोलत असतील. सांगितलेलं मोठ्याने परत म्हणायचं आणि मग करायचं.

संध्याकाळी खालच्या पातळीवर बोट बांधली. आत काचेचे तुकडे, सांडलेले तांदूळ आणि त्यावर किटलीतलं पाणी. मी तांदूळ भरत होते. हे इंजिनाच्या खोलीत शिरले आणि बऱ्याच वेळाने हात काळे करून बाहेर आले. म्हणाले, "इंजिन चांगलं आहे. ठेवलंही नीट आहे." लेकीने मान हलवली. शेगडीत कोळसा घातला, मी पिठलं केलं, भात केला. त्या अरुंद जागेत तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

जेवताना हे म्हणाले, "तुम्हाला दर दोन आठवड्यांनी हलावं लागतं म्हणे. कायमची जागा नसली तर."

"हो. हिवाळा सोडून."

"कंटाळा नाही येत?"

"नो. घर बरोबर येतं ना." तिने ताट खाली ठेवलं. "बाबा, ग्रेड फोरमध्ये मी एकदा स्कूल बसमधून जुन्या बिल्डिंगला उतरले होते. खलिफा सिटीला. विसरले की आपण मूव्ह झालोय. वर गेले, बेल वाजवली, दुसऱ्याच आंटीने दार उघडलं. मग वॉचमनने मला नव्या बिल्डिंगपर्यंत चालत आणून सोडलं."

मला हे माहीत नव्हतं. मी शाळेतून तिच्यानंतर घरी यायचे, मला ती घरात बसलेलीच सापडली असणार.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"यू वुड हॅव क्राइड."

हे भात कालवत राहिले. मग म्हणाले, "माझंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. एखादं वर्ष वाढेल, नाही तर नाही. मग व्हिसा गेला, फ्लॅट गेला. आम्हीही हलणार."

"कुठे?"

"बघू."

तिने पिठलं वाढून घेतलं.

दोन दिवसांनी बोट तिच्या हिवाळ्याच्या जागेवर पोचली. शेवटच्या टप्प्यात तिने ह्यांना परत सुकाणू दिलं, स्वतः शेजारी उभी राहिली. जागेवर बोट बांधायच्या दोऱ्या ह्यांनीच बांधल्या, आणि शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने त्यांची गाठ बघून काही तरी विचारलं. हे त्याला अर्धा तास गाठी शिकवत होते. निघायच्या दिवशी लेकीने सांगितलं की हॉस्पिटलने तिला कायम केलंय, ती आता तिथेच राहणार. हे म्हणाले, "बोटीचा विमा आहे ना?" ती म्हणाली, "आहे." "हात बरा झाला की आधी फिजिओ कर. स्वतःची," असं म्हणून हे टॅक्सीत बसले.

अबुधाबीला उतरल्यावर जो टॅक्सीवाला मिळाला तो पेशावरकडचा होता. बॅगा ठेवताना म्हणाला, "लंडन घूमने गए थे, साब?"

"नहीं," हे म्हणाले, "बेटी का घर शिफ्ट करना था."

घरी पोचलो, दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर, मी शाळेत. शिक्षकांच्या खोलीत बोटीवरचा फोटो दाखवला, मी दार ढकलतेय तो. सगळ्यांना आधी वाटलं मी कुठल्या तरी किल्ल्यात आहे. मग मी सगळं सांगितलं, लॉक म्हणजे काय ते फळ्यावर काढूनही दाखवलं.

आता दोघं एकमेकांना थेट फोन करतात. मला मधून मधून ऐकू येतं, "फॅन बेल्ट बदललास का?" "बदलला, बाबा." भांडतातही. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं, त्यामुळे सध्या तरी आम्ही फुजैरातच आहोत. त्यापुढे दाभोळ की पुणे, अजून ठरलेलं नाही.

परवा जेवताना हे म्हणाले, लेकीच्या शेजारचा तो म्हातारा बोट विकतोय. तिच्या बोटीपेक्षा लहान आहे, पण लाकडीकाम चांगलं आहे. व्हिजिट व्हिसावर उन्हाळ्याचे काही महिने तरी तिकडे राहता येईल.

मी म्हटलं, "मला पोहता येत नाही."

"लॉक सोडले तर तिथे पाणी कमरेएवढंच असतं," हे म्हणाले, आणि ताक मागितलं.